कोटेशनराव डबी घेतात

कोटेशनरावांना हे नाव त्यांच्या ऑफिसने दिलं, आणि त्या ऑफिसातून त्यांना तीन दर न मागवता मिळालेली ही एकमेव वस्तू. ते खरेदी विभागात होते. टाचणीपासून कपाटापर्यंत ऑफिसात जे काही येई ते त्यांच्या सहीने येई, आणि सहीआधी तीन दुकानदारांचे दर तीन बंद पाकिटांत यावेत, पाकिटं समितीसमोर फोडावीत, सगळ्यांत कमी दर असेल त्याला काम द्यावं, हा नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. भाजी घ्यायला गेले तरी ते तीन गाड्या फिरून पहिल्या गाडीवर परत येत. तोवर पहिल्या गाडीवरची भाजी संपलेली असे, पण नियमाला बोट लावायला जागा नसे. नवे स्टेपलर तिसरा कागद टोचत नाहीत अशी तक्रार एकदा ऑफिसात आली, तेव्हा त्यांनी शांतपणे निविदा काढून दाखवली होती. तिच्यात तिसऱ्या कागदाचा उल्लेखच नव्हता.

अशा माणसाच्या घरात टीव्हीची डबी शिरली ती लेकीमुळे.

लेक दुसऱ्या शहरात हिशेबतपासनिसांच्या एका मोठ्या कंपनीत चांगली चिकटली होती. तिथून एके दिवशी उठून ती खेळांचं समालोचन करायला गेली. कॉलेजात ती टेबल टेनिस खेळायची, त्यामुळे त्यातलं तिला कळत होतं, आणि बोलायला तर ती चालायच्या आधी शिकली होती. पण बोलण्यासाठी कुणी नोकरी सोडतं ही गोष्ट कोटेशनरावांच्या गळी उतरेना. "अगं, समोर पडद्यावर चेंडू दिसतोय," ते तिला फोनवर म्हणाले होते, "जे दिसतंय ते सांगायला पगारी माणूस कशाला लागतो?" लेकीने फोन ठेवला. आणि त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं वहिनींमार्फत होऊ लागलं.

वहिनी म्हणजे कोटेशनरावांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणू. फोन स्पीकरवर ठेवलेला असे, तिघांनाही सगळं ऐकू येत असे, तरी लेक म्हणे, "आई, बाबांना विचार, खोकला कसा आहे?" आणि कोटेशनराव दोन हातांवरून म्हणत, "तिला सांग, बरा आहे." वहिनी मधे बसून भाजी निवडत. सांगायचं काम त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतं, ज्याचं त्याला ऐकू येतच होतं.

तर अशाच एका फोनवर लेक म्हणाली, "आई, रविवारी टेबल टेनिसची फायनल आहे. लाइव्ह. आणि माइकवर मी एकटी. हा सामना नीट पार पडला तर मला कायमची घेणार आहेत."

"अगं बाई! टीव्हीवर लागेल ना?"

"चॅनलवर नाही, ॲपवर. आपल्या जुन्या टीव्हीला मागून एक डबी लावावी लागेल, स्ट्रीमिंगची. बाजारात मिळते." मग, "बाबा बघणार आहेत का?"

कोटेशनरावांना 'हो' म्हणायचं होतं. रात्रंदिवस त्यांच्या मनात तेच होतं, की लेकीशी एकदा सरळ बोलता यावं आणि आपण बोललो ते पुसलं जावं. 'हो' अगदी ओठांवर आलं. पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं, "तिला सांग, कोटेशनं मागवतो."

वहिनींनी नंतर सुचवून पाहिलं, "माझ्या फोनवरच बघू या की हो. उगाच कशाला खटाटोप?"

"फोनवर?" कोटेशनराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "पोरगी पहिल्यांदा चार लोकांसमोर येणार, आणि ती मी तळहातावर बघू? तुझ्या त्या तडा गेलेल्या काचेतून? मोठ्यावर बघायची. भिंतीवर."

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले. इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानाचा मालक हसतमुख होता, आणि पुढचा अर्धा तास तो तसा राहिला हे त्याचं मोठेपण. "काका, दोन प्रकार आहेत," तो म्हणाला. "ही साधी, ही दणकट. साधी चालते, दणकट पळते."

"किती पळते?"

"आता काका, तुम्हाला कुठे जायचंय त्यावर आहे."

कोटेशनरावांना असली मोघम उत्तरं खपत नसत. त्यांनी दोन्हींचे दर लेखी मागितले. मालकाने खोक्यावर छापलेली किंमत दाखवली. "तसं नव्हे, बंद पाकिटात," कोटेशनराव म्हणाले. पाकीट कुठून आणू, असं मालक विचारणार तोच त्यांनी पिशवीतून कोरी पाकिटं आणि डिंकाची बाटली काढून काउंटरवर ठेवली. दुसरं पाकीट पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून मिळालं. तिसरं दुकान मात्र कुठे सापडेना. नियम तिनाचा, आणि पाय तर दुखायला लागलेले. शेवटी पंखे विकणाऱ्या एका सज्जनाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांची तळमळ बघून पंख्याचा दर लिहून दिला. संध्याकाळी पाकिटं फोडली तेव्हा पंखा तिसरा आला. तांत्रिकदृष्ट्या अपात्र, असा शेरा मारून कोटेशनरावांनी त्याला सन्मानाने बाद केलं.

पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचे दर जास्त निघाले. उरल्या दोन डब्या, साधी आणि दणकट, दोन्ही हसतमुख मालकाकडच्या. साधी स्वस्त. नियमाप्रमाणे इथेच विषय मिटायला हवा होता. पण ओझं लेकीच्या सामन्याचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोटेशनरावांना सर्वांत कमी दराची भीती वाटली. त्यांना ते स्टेपलर आठवले. त्यांनी ठरवलं, आधी तांत्रिक चाचणी. मालकही देवमाणूस, "दोन्ही घेऊन जा काका, नको ती परत आणा, फक्त खोकं फाडू नका," म्हणाला.

आता एखाद्या इमारतीत डबी येते आहे हे जिन्याला कळलं की ते सगळ्यांना कळतं. सर्वांत आधी वरच्या मजल्यावरचे पंपसाहेब उतरले. ते निवृत्त इंजिनियर, आयुष्यभर पाण्याचे पंप बसवलेले. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पाइपातूनच समजत असे. "हे बघा, सगळा खेळ प्रेशरचा," ते म्हणाले. "इंटरनेट म्हणजे काय? पाणीच. नळ कितीही भारी बसवा, टाकीत नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" समोरच्या दाराचे विमाकाका आले. ते विमा एजंट, त्यामुळे दोन्ही डब्यांकडे त्यांनी मरणोन्मुख माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "वॉरंटीत वीज पडणं धरलंय का?" तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दंतवैद्यबाई दवाखाना बंद करून आल्या. त्यांना डबीत काहीच रस नव्हता, वहिनींच्या चहात होता. पण कोटेशनरावांनी तिघांना सोफ्यावर बसलेलं पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. तीन सदस्य. समिती आपोआप भरली होती.

ऑफिसात कोटेशनरावांची एक खास पद्धत होती. समितीला माल कुणाचा आहे ते कळता कामा नये, म्हणजे पक्षपात होत नाही. पेनं आली तर ते नावांवर चिकटपट्टी लावत. इथेही त्यांनी तेच करायचं ठरवलं, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. साधी डबी बोटाएवढी, दणकट पुरणाच्या मोदकाएवढी नसली तरी साबणाच्या वडीएवढी. आकारावरून कुणीही ओळखणार. म्हणून त्यांनी बुटांची दोन सारखी खोकी घेतली, एकेकात एक एक डबी ठेवली, वायर जाण्यापुरतं भोक पाडलं, आणि डबी हलून आवाज येऊ नये म्हणून जुनी उशी फोडून दोन्ही खोक्यांत कापूस ठासून भरला. वरून चिकटपट्टी मारली, चिकटपट्टीवर सही केली. एकावर लिहिलं अ, दुसऱ्यावर ब.

"अहो, एवढा कापूस?" वहिनी म्हणाल्या.

"गोपनीयता," कोटेशनराव म्हणाले.

चाचणी सुरू झाली. काय लावायचं यावर मतभेद झाले, शेवटी कासवांवरचा एक माहितीपट लागला, कारण तो फुकट होता. खोकं अ जोडलं. कासव वाळूतून निघालं, समुद्राकडे गेलं. सगळ्यांना दिसलं. दंतवैद्यबाई म्हणाल्या, कासवाला दात नसतात, त्यामुळे चित्राच्या स्पष्टपणाविषयी त्या मत देऊ शकत नाहीत. मग खोकं ब. चित्र आलं आणि सोफ्यावरून "वा!" निघाला. वाळूचा कण न् कण दिसत होता. कासवाच्या पापणीवरची सुरकुती दिसत होती. पंपसाहेब म्हणाले, "प्रेशर बघा!" आणि तेवढ्यात कासव पाण्याच्या काठावर एक पाय उचलून थांबलं. थांबलं ते थांबलंच. पडद्यावर पाटी आली की उपकरण फार तापलं आहे, ते थंड होऊ द्या. मग पडदा काळा.

थंड होऊ दिलं. पुन्हा लावलं. कासवाने पाय उचलला आणि पाटी आली. तिसऱ्यांदा कासव वाळूपर्यंतही पोचलं नाही.

"अहो, कापूस काढा ना," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत पाकीट फोडता येत नाही," कोटेशनराव म्हणाले.

"पाकीट नाहीये ते, उशी आहे."

"वहिनी, नियम म्हणजे नियम," विमाकाका म्हणाले. त्यांना नियमाचं काही नव्हतं, पण दुसरा चहा यायचा होता. समितीने एकमताने निर्णय दिला, ब हे मुळातच तापट आहे, अ पास. खोकी फोडली. अ म्हणजे साधी निघाली! स्वस्तही तीच आणि चांगलीही तीच. कोटेशनरावांचा चेहरा उजळला. नियमाने त्यांना आयुष्यभर अशी साथ कधी दिली नव्हती. त्या संध्याकाळी ते दोन वेळा जिना चढले आणि उतरले, नुसतेच, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी साधी डबी लावून ॲपवर टेबल टेनिसचा एक जुना सामना लावला. लेकीच्या खेळाची नजरेला सवय व्हावी एवढाच हेतू. कोटेशनराव दाढी अर्धी टाकून बाहेर आले, कारण वहिनी खो खो हसत होत्या. पडद्यावर दोघी खेळाडू घामाघूम होऊन हातवारे करत होत्या आणि चेंडूचा पत्ताच नव्हता. चित्र मधेच अडकायचं, पुढे उडी मारायचं, आणि तेवढ्यात चेंडू चार वेळा इकडून तिकडे जाऊन आलेला असायचा. दोन बायका टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून माश्या हाकलताहेत, असा एकंदर देखावा. कासवाला जी डबी पुरली ती चेंडूला पुरेना.

"चाचणी कासवावर घेतलीत," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "लेक काय कासवांचं समालोचन करणारे?"

कोटेशनरावांनी उरलेली दाढी मुकाट्याने केली. मग तापट डबी पिशवीत टाकली आणि दुकान गाठलं. ही सदोष आहे, हिच्या जागी दुसरी धडधाकट द्या, असं त्यांना म्हणायचं होतं. घाईत पिशवीत बुटांचं खोकंच आलं होतं. मालकाने ते उघडलं आणि आतून डबीच्या अंगाला चिकटलेला कापूस दोन बोटांनी काढत राहिला. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. कापूस संपत नव्हता.

"काका, हिला थंडी वाजत होती का?" मालकाने विचारलं.

गिऱ्हाइकं हसली. कोटेशनराव छताकडे बघत राहिले. मालकाने डबी तिथल्याच टीव्हीला जोडली, ती तासभर कुरकुर न करता चालली, आणि तासभर कोटेशनराव स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले. वहिनींनी सांगितलं होतं. तेही सर्वांसमक्ष. 'पाकीट नाहीये ते, उशी आहे' हे वाक्य आता सबंध इमारत किती दिवस वापरणार याचा त्यांनी मनाशी अंदाज घेतला, आणि त्यांना गावच सोडून जावंसं वाटलं.

"मग काका, कुठली?" मालक म्हणाला. "आणि टीव्ही किती जुना आहे? टीव्हीच बदला की."

"टीव्ही हा विषय निविदेत नाही," कोटेशनराव ताडकन म्हणाले. कमी दर बाजूला सारून जास्त दराच्या वस्तूला हात घालायचा, हे त्यांनी आजवर केलं नव्हतं. कारण विचारलं असतं तर लेखी काय देणार होते? 'मुलगी बोलणार आहे' हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. "ही द्या," ते हळूच म्हणाले, "दणकट."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण एका संकटाच्या पोटात दुसरं असतंच. दणकट डबीला इंटरनेटही दणकट हवं होतं, पंपसाहेब ते पहिल्यापासून सांगत होते आणि आता दर दहा मिनिटांनी सांगू लागले. इंटरनेट कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "सर, तुमची ओळख पटवण्यासाठी नोंदवलेल्या नंबरवर एक आकडा पाठवलाय, तो सांगा." नोंदवलेला नंबर लेकीचा होता. कनेक्शन तिनेच घेतलं होतं, घरी असताना.

"आकडा माझ्या मुलीकडे गेलाय," कोटेशनराव म्हणाले.

"तर मुलीला विचारा ना सर."

"आमचं बोलणं नाहीये."

गोड आवाजाला यावर काय म्हणायचं ते शिकवलेलं नव्हतं. शेवटी वहिनींनी आपल्या फोनवरून लेकीला लावलं. कोटेशनरावांच्या कानाला कंपनी, स्पीकरवर लेक, मधे वहिनी. "बाबांना सांग, सात चार," लेक म्हणत होती, "पण आई, बाबा इंटरनेट का वाढवतायत?" आणि कोटेशनराव पलीकडून ओरडले, "तिला सांग, कासव अडकतं!" लेकीला त्यातलं काही कळलं नाही. पण ती हसली, आणि ते हसू स्पीकरमधून खोलीभर पसरलं. कोटेशनरावांनी किती दिवसांनी ते ऐकलं. ते ऐकण्याच्या नादात उरलेला आकडा त्यांनी चुकीचा सांगितला. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

इंटरनेट वाढलं. मग दणकट डबी टीव्हीच्या मागे मावेना, कारण टीव्ही भिंतीला घट्ट चिकटून होता. पंपसाहेब आणि विमाकाका मदतीला आले, म्हणजे टीव्ही आता उतरणार हे ठरलं. स्क्रू काढले. "सावकाश, सावकाश," असं तिघेही ओरडत असताना टीव्हीचा कोपरा दाराच्या चौकटीला टेकला. जोरात नाही, टेकला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंपसाहेबांनी टीव्हीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जुनं ते सोनं. अजून दहा वर्षं बघायला नको." टीव्ही टेबलावर बसला, लावून पाहिला, उत्तम चालला. चेंडू दिसला. पांढरा, गोल, दोन्ही बाजूंनी. कोटेशनरावांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यात उशीचा उल्लेख नव्हता याबद्दल ते कृतज्ञ झाले.

रविवारी सामन्याच्या बऱ्याच आधीपासून घर भरलं. समिती सोफ्यावर, वहिनी खुर्चीवर. कोटेशनराव इस्त्रीचा शर्ट घालून उभेच होते, बसले तर शर्ट चुरगळेल म्हणून. ॲप उघडलं. मोठं सभागृह, निळं टेबल, आणि मग एका चौकटीत लेक. कानावर हेडफोन, तोंडाशी माइक, केस मागे बांधलेले. "नमस्कार," ती म्हणाली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. कोटेशनराव शर्टाची पर्वा न करता मटकन बसले. एवढंसं खेळणं घेऊन रडायची ती हीच, एवढंच त्यांच्या मनात आलं.

सामना सुरू झाला. दोन्ही खेळाडू परदेशी, नावं जिभेवर टिकेनात अशी. लेकीने पहिल्या मिनिटातच तोडगा काढला, ही डावखुरी, ही चष्मेवाली. डावखुरीने पहिली सर्व्हिस केली, चेंडू जाळीवरून गेला, चष्मेवालीने परतवला, आणि पडदा काळा झाला.

डबीचा दिवा चालू होता. इंटरनेट चालू होतं. लेकीचा आवाज खणखणीत येत होता. चित्र तेवढं नव्हतं. पंपसाहेबांनी टीव्हीच्या पाठीवर थाप मारली, या खेपेला जरा अपराधी हाताने. मग खिशातून टॉर्च काढून पडद्यावर मारला, आणि काय सांगावं, प्रकाशाच्या त्या वर्तुळात एक निळसर सावली हलताना दिसली. "आहे, आहे! आत चित्र आहे, मागचा दिवा गेलाय फक्त!" ते ओरडले, आणि टॉर्च घेऊन चेंडूचा पाठलाग करू लागले. चेंडू डावीकडे, टॉर्च उजवीकडे. दंतवैद्यबाईंना खेळाडूचं अर्धं कोपर दिसलं. विमाकाकांनी आपल्या फोनवर ॲप उघडलं, तर फोन टीव्हीच्या मागे धावत होता. टीव्हीतली लेक म्हणाली, "गुण डावखुरीला!" आणि फोनमधली लेक अजून सर्व्हिसच करवत होती. दोन लेकी एकमेकींवर बोलू लागल्या. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. विमाकाका म्हणाले, "तरी मी वॉरंटीचं..."

"बंद करा!" कोटेशनराव ओरडले. घरात त्यांचा हा आवाज कुणी ऐकला नव्हता. "फोन बंद करा. टॉर्च बंद करा. ती बोलतेय, ऐकू द्या मला."

सगळे बसले.

"...चष्मेवाली आता टेबलापासून दोन पावलं मागे गेलीय," लेकीचा आवाज येत होता, "म्हणजे तिला भीती वाटतेय त्या वळणाऱ्या चेंडूची. बघा, ती टॉवेल घेतेय, पण घाम नाहीये तिला, ती वेळ काढतेय. तिचा एका पायाचा हिरवा मोजा खाली घसरलाय, तोही ती वर ओढत नाही. सगळं लक्ष समोरच्या मनगटावर. सर्व्हिस! उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे, अरे, हा कुठून काढला हिने! जमिनीपासून वीतभर वरून!"

खोलीत कुणी हललं नाही. दंतवैद्यबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पंपसाहेबांची मान काळ्या पडद्यासमोर इकडून तिकडे वळत होती, आणि विमाकाका "मार, मार" असं कुजबुजत होते, कुणाला कोण जाणे. लेक घाई करत नव्हती. चेंडू पळत असताना ती पळायची, थांबला की थांबायची, आणि त्या थांबण्यात सभागृहातली शांतता घरात येऊन बसायची. कोटेशनराव पुढे झुकून बसले होते. चष्मेवाली मागे पडली, बरोबरीला आली, पुन्हा मागे पडली. त्यांना ती दिसत होती. टेबलाचा निळा रंग, घसरलेला मोजा, मनगट, सगळं दिसत होतं. आपण हिला काय बोललो होतो ते त्यांना आठवलं, आणि लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर एवढा अभिमान दाटून आला की त्यांना शेजारी बसलेल्या वहिनींचा हात घट्ट धरावा लागला. चार लोकांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

शेवटचा गुण लांबला. लेकीचा आवाज हळू होत गेला, आणि मग एकदम फुटला. चष्मेवाली जिंकली. सोफ्यावरून तिघे एकदम उठले, चहाचा कप कलंडला, विमाकाकांनी पंपसाहेबांना मिठी मारली. काळ्या टीव्हीसमोर एवढा जल्लोष त्या इमारतीत पूर्वी झालेला नव्हता.

थोड्या वेळाने फोन वाजला. वहिनींनी उचलला, स्पीकर लावायला गेल्या, तोच कोटेशनरावांनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि कानाला लावला.

"आई, बाबांना विचार..."

"बाबाच बोलतोय."

लेक हळूच म्हणाली, "बघितलंत का? कसं दिसलं?"

"चित्र गेलं गं. दुसऱ्याच चेंडूला. टीव्हीच गेला."

"म्हणजे... बघितलंच नाहीत."

"बघितला की. सगळा," कोटेशनराव म्हणाले. "शेवटी तो चेंडू टेबलाच्या कडेला घासून खाली गेला. डावखुरी वाकली, पण पोचली नाही. आणि ती चष्मेवाली, चष्मा काढून हातात घेऊन उभी राहिली नुसती. मोजा तसाच घसरलेला. हिरवा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, टीव्ही बंद होता, मग मोजा हिरवा ते तुम्हाला कसं दिसलं?"

"तू सांगितलंस ना," कोटेशनराव म्हणाले. "तू सांगितल्यावर न दिसायला काय झालं?"